सुलूला न्यायला बडोद्याला

संक्रांतीला कुठं गेला होतात, असं जो तो विचारतो आणि मी 'बडोदं बघायला' असं सांगून मोकळी होते. ते खोटं नाही. राजवाडा बघितला, कमाटीबाग बघितली, सेवउसळ खाल्ली आणि पतंगांनी भरलेलं आभाळ बघून मान आखडून घेतली. पण घरून निघताना माझ्या लेखी बडोदं दुय्यम होतं. मी माझ्या मैत्रिणीला नाशिकला घेऊन यायला निघाले होते, तेही चार दिवसांसाठी नाही, कायमचं.

सुलभा आणि मी नाशिकला एकाच गल्लीत वाढलो. शाळेत एका बाकावर बसलो, कॉलेजला एकाच सायकलवरून गेलो, आणि मग ती लग्न होऊन बडोद्याला गेली. हेमंतरावांचं घराणं मराठीच, पण त्यांचे पूर्वज संस्थानच्या काळात कारभारात नोकरीला लागले आणि तिथलेच झाले. हेमंतराव बाजव्याकडच्या रिफायनरीतून निवृत्त झाले, सुलू शाळेतून. मुलगी मात्र आमच्या नाशिकला दिलेली. गेल्या दिवाळीत आमच्या खालच्या मजल्यावरचे देशपांडे म्हणाले, आम्ही मुलाकडे बंगळूरला चाललो, फ्लॅट विकायचाय. त्यांच्या तोंडातलं वाक्य पुरं व्हायच्या आत माझ्या डोक्यात सुलूचं सामान लागलंसुद्धा.

फोन केला तर हेमंतराव लगेच म्हणाले, "मीनाताई, कल्पना उत्तम आहे. हिला माहेर मिळेल, मला नात मिळेल." सुलू म्हणाली, "बघू ने." तिच्या 'ना'चं बडोद्यात 'ने' झालंय. दोन महिने ती 'बघू ने'च्या पुढे सरकेना. देशपांडे भला माणूस. म्हणाले, संक्रांतीपर्यंत मी कुणाशी बोलत नाही, नंतर मात्र मला थांबता येणार नाही. मग मी तिकिटंच काढली. समोरासमोर बसल्याशिवाय सुलू 'हो' म्हणायची नाही, हे मला शाळेपासून माहीत होतं.

आमचे हे येवल्याचे. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस अख्खं गाव गच्चीवर असतं, त्यामुळे जगात पतंग फक्त येवल्यातच उडतो अशी ह्यांची पक्की समजूत आहे. ते म्हणाले, "तू तुझी मैत्रीण आण. मी बडोद्याचे पतंग कापून येतो." प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. ह्यांनी झोप काढली आणि मी तिळाच्या वड्यांचा डबा मांडीवर सांभाळला.

कारेलीबाग

स्टेशनातून बाहेर पडल्यावर पहिली गंमत दिसली ती स्कूटरवर. प्रत्येक स्कूटरच्या हँडलला पुढून तारेची उंच कमान लावलेली. मला वाटलं, मांडवाचं काही असेल. हेमंतराव म्हणाले, "मांजा गळ्याला लागू नये म्हणून. ह्या आठवड्यात मफलर गुंडाळून आणि ही कमान लावूनच बाहेर पडायचं." ज्या सणाला घराबाहेर पडताना गळा सांभाळावा लागतो, तो सण हे लोक किती मनावर घेत असतील ह्याची मला तिथंच कल्पना यायला हवी होती.

कारेलीबागेतली त्यांची सोसायटी जुनी, तीन मजली. खाली स्कूटरींची रांग, जिन्यात क्लासला निघालेली पोरं, आणि प्रत्येक मजल्यावर समोरासमोर दोन दारं. सुलूचं घर दुसऱ्या मजल्यावर, तिच्या समोरचं दार कोकिलाबेनचं. दोन्ही दारं सकाळी उघडतात ती रात्री झोपतानाच बंद होतात. आमच्या नाशिकच्या इमारतीत आधी भोकातून बघायचं, मग साखळी लावून विचारायचं, मग उघडायचं अशी रीत. इथं मी चहाचा पहिला घोट घेते न घेते तोच कोकिलाबेन ताटलीत लीलो चेवडो घेऊन आत आल्या आणि स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन वाटी काढली. हा चिवडा बडोद्याचा खास. हिरवट, ओलसर आणि गोड. आम्ही चिवड्याला कुरकुरीत म्हणणारी माणसं, त्यामुळे पहिला घास जरा बिचकत घेतला. दुसऱ्यापासून वाटी माझ्याकडेच राहिली.

"नाशिकथी आव्या ने? सुलभाबेन तमारी बहु वात करे," असं, म्हणजे सुलू माझ्याबद्दल फार बोलते असं, म्हणत कोकिलाबेन माझ्याजवळ बसल्या. साठीच्या, गोल चेहऱ्याच्या, बोलताना समोरच्याच्या मांडीवर थाप मारण्याची सवय असलेल्या. मला गुजराती बोलता येत नाही, पण त्यांच्यापुढे ते जाणवलंच नाही.

संध्याकाळी हेमंतराव आम्हाला सेवउसळ खायला घेऊन गेले. वाटाण्याची उसळ, वर मूठभर जाड शेव, पातीचा कांदा, सोबत पाव, आणि बाजूला वाटीत तिखट तरी. ह्यांनी ऐटीत सांगितलं, "आम्ही मिसळीच्या गावचे." आणि अख्खी वाटी ओतून घेतली. पुढची दहा मिनिटं पुसापुशीत गेली. घाम पुसला, नाक पुसलं, चष्मा पुसला. दुकानदारानं न मागता ताक आणून ठेवलं. बडोद्याचं जेवण गोड असतं असं ज्यांनी ऐकलंय, त्यांनी एकदा तिथं जाऊन यावं.

परतताना मी सुलूचा हात धरून विषय काढला. ती म्हणाली, "आधी शहर तर बघ, मग बोलू ने. इतकी घाई काय?"

भोगी

दुसऱ्या दिवशी भोगी. सकाळी राजवाडा. एखादा माणूस एवढ्या मोठ्या घरात राहायचा तर त्याला सकाळी चहा गरम कसा मिळत असेल, हा माझा पहिला प्रश्न. हेमंतरावांनी त्यावर इतिहास सांगितला, चहाचं काही सांगितलं नाही. तिथं कानाला लावून माहिती ऐकायचं यंत्र मिळतं. ह्यांनी कुठलं तरी बटण दाबलं आणि त्यांच्या कानात गुजराती सुरू झाली. कबूल करायचं नाही म्हणून गृहस्थ दरबार हॉलपासून शस्त्रागारापर्यंत माना डोलवत फिरले. बाहेर आल्यावर मी विचारलं, काय कळलं? म्हणाले, "बहु मोटुं छे, एवढं कळलं."

मग कमाटीबाग. झाडं अशी की उन्हाचा पत्ता नाही. तिथल्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा आहे. सुलू त्याच्याखाली उभी राहून म्हणाली, "दरवर्षी मुलांना घेऊन यायची मी इथं. दरवर्षी एक तरी मुलगा विचारायचा, बाई, हा विश्वामित्रीत सापडला का?" विश्वामित्री म्हणजे शहरातून वाहणारी नदी. आणि त्या मुलाचं फारसं चुकलं नव्हतं, कारण त्या नदीत मगरी आहेत. खऱ्याखुऱ्या, भर शहरात. आम्ही पुलावर थांबलो तेव्हा काठावर एक ऊन खात पडली होती. आम्ही गोदावरीत डुबक्या मारत वाढलेली माणसं. नदी दिसली की पाय धुवावेसे वाटतात. इथं सगळे कठड्याला टेकून लांबूनच नमस्कार करतात. "पावसाळ्यात पाणी चढलं की कधीकधी रस्त्यावर येतात," हेमंतराव म्हणाले, तेही शेजारच्या वात्रट मुलाबद्दल बोलावं तसं कौतुकानं.

दुपारी गेंडीगेटच्या बाजारात गेलो. रस्त्याच्या कडेला लांबच लांब दोरे ताणलेले आणि माणसं हातात गुलाबी लगदा घेऊन त्यावरून मागंपुढं चालत होती. दोऱ्याला रंग आणि काचेची पूड लावायचं काम. अख्खा रस्ता गुलाबी झालेला. ह्यांनी तिथं फिरकीवरून वाद घातला. येवल्याला फिरकी नसते, आसारी असते, तिला लांब दांडा असतो, आणि उडवणारा ती स्वतःच सांभाळतो. इथं फिरकी दुसऱ्यानं धरायची. "म्हणजे एक उडवणार आणि दुसरा नुसता उभा राहणार? हे काय खेळणं झालं?" हेमंतराव शांतपणे म्हणाले, "विनायकराव, दुसरा नुसता उभा राहत नाही. तो केव्हा गुंडाळायचं ते सांगतो." माझ्याकडे बघून सुलू हसली. मीही हसले, पण मनात म्हटलं, मी तरी दुसरं काय करायला आलेय.

कारण सबंध दिवस माझं गुंडाळणं चालूच होतं. कमाटीबागेच्या बाकावर मी तिला देशपांड्यांच्या फ्लॅटचे फोटो दाखवले. इथं सकाळचं ऊन येतं, इथं मोगरा लावता येईल, आणि हा जिना चढलीस की मी. तिनं एक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला आणि म्हणाली, "ओटा जरा छोटा आहे ने?"

मला आतून उकळी फुटली. बाईमाणूस ओट्याबद्दल बोललं म्हणजे मनानं त्या घरात पोळ्या लाटायला लागलं. मी ह्यांना डोळ्यांनी खुणावलं, जमतंय.

घरी येऊन तिनं बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी केली, आणि समोरून कोकिलाबेननी उंधियूचा वाडगा पाठवला. दोन्ही शेजारी शेजारी वाढल्यावर लक्षात आलं की ही एकाच घरातली भावंडं आहेत. तेच वांगं, त्याच शेंगा, तेच कंद. आपली भाजी साधीसुधी राहिली, आणि उंधियू तेलात न्हाऊन, मेथीचे मुठिये लेवून सासरी श्रीमंत झाली. दोन्ही घरांतली माणसं दोन्ही खात होती आणि कुणाला त्यात विशेष वाटत नव्हतं.

जेवणं झाल्यावर सुलूनं गूळपोळ्यांचं काढलं. तीळ आणि बेसन आदल्या दिवशीच भाजून ठेवलं होतं. मी गूळ किसायला बसले आणि किसत राहिले.

"अगं, एवढ्या कुणाला?"

"सगळ्या धाब्याला." गच्चीला तिथं धाबं म्हणतात. "सासूबाईंनी सुरू केलं. कोकिलाबेन नवी लग्न होऊन आलेली तेव्हा तिला पहिली गूळपोळी सासूबाईंनी दिली होती. आता उत्तरायणला गूळपोळी नसली तर इथल्या मुलांना सण वाटत नाही."

"नाशिकलाही कर की. आमच्या इमारतीत कुणाला येत नाही धड."

ती लाटत होती. लाटता लाटता म्हणाली, "मीने, कडेपर्यंत गूळ गेला पाहिजे. नाहीतर काय उपयोग." आणि पुढची पोळी घेतली.

उत्तरायण

आपल्याकडे संक्रांत हा बायकांचा सण. हळदीकुंकू, वाण, काळी साडी, संध्याकाळ. तिथं उत्तरायण हा सगळ्यांचा सण आणि तो उजाडताच सुरू होतो. आम्ही दोघी काळ्या साड्या नेसून, डबे घेऊन वर गेलो तेव्हा आजूबाजूच्या सगळ्या धाब्यांवर माणसंच माणसं होती. कर्णे लागलेले. एका कोपऱ्यात उसाच्या कांड्या, बोरं, चिक्की, जामफळं म्हणजे आपले पेरू. वर बघितलं तर आभाळाचा निळा रंग शोधावा लागत होता. काळ्या साडीत उन्हाचा असा चटका बसला की मी तासाभरात टोपी मागून घेतली. साडीवर टोपी, तिच्यावर गॉगल. असा माझा फोटो नाशिकच्या भिशीत फिरतोय, तो त्या दिवसाचा आहे.

आणि कोकिलाबेन. परवा मांडीवर थापा मारणारी बाई आज पंजाबी ड्रेसवर बूट घालून, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळून टाकीच्या कठड्याशी उभी होती. त्यांचे यजमान मागं फिरकी धरून. मधूनमधून "लपेट" ऐकू आलं की यजमान गुंडाळत होते.

मी वड्या वाटत वाटत त्यांच्याजवळ गेले. तिळगूळ घ्या, गोड बोला. त्यांनी पतंग यजमानांकडे दिला, वडी घेतली आणि म्हणाल्या, सुलभाबेन तुमचं नाव काढत नाहीत असा दिवस जात नाही. आता तुम्ही परत गेलात की पुन्हा फोनवर फोन.

इथं मी ती चूक केली. आमच्या इमारतीत फ्लॅट विकायचा नुसता विचार आला तरी तो आधी वॉचमनला कळतो, मग सगळ्यांना, आणि घरच्यांना सर्वांत शेवटी. जिथं दारं रात्रीपर्यंत उघडी असतात, तिथं ही गोष्ट समोरच्या घरात ठाऊक नसेल असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. मी आपली हसत हसत म्हणाले, "आता फोन कशाला? तुमच्या सुलभाबेन आमच्या खालीच राहायला येतायत. तुमचं माणूस पळवतेय, राग धरू नका."

कोकिलाबेनची वडी हातातच राहिली. "एम?" म्हणजे असं का, एवढंच म्हणाल्या. मग वडी तोंडात टाकली, माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि पतंग पुन्हा हातात घेतला. पाचव्या मिनिटाला त्यांनी आमच्या ह्यांचा पतंग कापला. "काप्यो छे" अशी आरोळी उठली, थाळ्या वाजल्या. ह्यांनी दुसरा चढवला, तोही गेला. तिसरा गेला तेव्हा येवल्याचं नाव घेणं त्यांनी बंद केलं. मला वाटलं, बाई खेळात रमलीय. खेळ नव्हता तो, हे मला दुपारी कळलं.

दुपारी सुलू मला जिन्यात घेऊन गेली. "तू कोकिलाबेनला सांगितलंस?"

"म्हणजे? तिला माहीत नव्हतं?"

"कुणालाच माहीत नव्हतं."

"अगं पण का नाही सांगितलंस?"

ती कठड्याला टेकली. "सांगितलं की झालंच ने ते. मग मागं येता येत नाही."

ती रागावली असती तर मी माफी मागितली असती, पण ती रागावली नव्हती. "जाऊ दे," म्हणाली. "एक काम कमी झालं. चल, जलेबी थंड होईल."

संध्याकाळपर्यंत सगळ्या धाब्याला कळलं होतं. कोण काय म्हणतंय, ह्याकडे सुलूचे कान लागले होते, आणि कुणीच काही म्हणत नव्हतं. कुणी विचारलं नाही, का जाता. कुणी भांडलं नाही. उलट सगळे तिच्याशी जरा जास्तच गोड वागत होते. खुर्ची पुढं करत होते, पाणी आणून देत होते. गूळपोळ्या संपल्या, सगळ्यांनी "बहु सरस" म्हटलं. दरवर्षी म्हणे ह्या पोळ्यांवरून भांडणं होतात, लपवून ठेवल्या म्हणून आरोप होतात. ह्या वेळी सगळ्यांनी एकेकच घेतली, पाहुण्यांनी घ्यावी तशी. मी बघत होते, ती प्रत्येक वेळी "अजून घ्या ने" म्हणत होती, आणि समोरचा हात जोडत होता.

मला तेव्हाही आशा होती. म्हटलं, कठीण भाग उरकला. आता उद्या तिच्याकडून 'हो' घेते आणि देशपांड्यांना कळवते.

वासी उत्तरायण

बडोद्याचा सण एका दिवसात आटपत नाही. दुसरा दिवस वासी उत्तरायण, म्हणजे शिळं. त्या दिवशीही सगळे धाब्यावरच. हेमंतराव सकाळपासून पतंग उडवत होते आणि आमचे हे त्यांची फिरकी धरून होते. काल तीन पतंग गमावल्यावर हुद्दा उतरला होता, पण माणूस खूष होता. "अहो, धरण्यातही खुबी आहे," असं मला दोनदा सांगून झालं.

दुपारी सोसायटीचं उंधियू-जलेबीचं जेवण झालं. पंगत उठायच्या आत जयेशभाई उभे राहिले. हे सोसायटीचे सेक्रेटरी, उंच, आवाज खणखणीत. सुलू माझ्या कानाशी म्हणाली, "आता जवाबदारी." पुढच्या उत्तरायणला कुणी काय करायचं ते इथं आदल्या वर्षीच ठरतं, तेही असं सगळ्यांसमोर. जयेशभाई तोंडपाठ एकेका घराचं नाव घेतात, त्या घरानं उभं राहून आपलं काम सांगायचं, आणि सगळ्यांनी "पाकुं" म्हणायचं. पक्कं झालं. मग वर्षभर कुणी माघार घ्यायची नाही. सुलूनं मला सांगितलं, एका वर्षी एक गृहस्थ इस्पितळातून जिलबीची ऑर्डर देऊन मोकळे झाले होते. पाकुं म्हटलेलं होतं ना.

आमच्याकडं आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज टाकतात, आणि दहा अंगठे आले तरी पापड कुणीच आणत नाही. मी कौतुकानं ऐकायला लागले.

तळमजला झाला. कुणी ऊस, कुणी चिक्की, कुणी कर्णे. "पाकुं." पहिला मजला झाला. दुसरा आला. "कोकिलाबेन?" कोकिलाबेन उभ्या राहिल्या. उंधियू. "पाकुं."

मग जयेशभाईंनी तिसऱ्या मजल्यावरचं नाव घेतलं.

त्या माणसाच्या मनात काहीही वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. सुलूला सगळ्यांसमोर 'आम्ही नसू' असं म्हणायला लागू नये म्हणून त्यांनी तिचं घर अलगद ओलांडलं. तिसऱ्या मजल्याच्या गृहस्थांनाही ते कळलं, त्यांनी घाईघाईनं जामफळं म्हटलं. सगळे आपापल्या ताटात बघत होते. कोकिलाबेननी तोंड फिरवलं.

सुलूच्या हातात जिलबीचा तुकडा होता. तिनं तो ताटात ठेवला, बोटं पुसली आणि उभी राहिली.

"जयेशभाई, अमारुं घर रही गयुं."

आमचं घर राहिलं. जयेशभाई गोंधळले. "ना ना, सुलभाबेन, आ तो मने एम के... तमे तो..."

"माझं नाव घ्या," ती म्हणाली. मराठीतच म्हणाली, आणि ते सगळ्यांना कळलं.

जयेशभाईंनी एकदा हेमंतरावांकडे बघितलं. मग गळा साफ करून म्हणाले, "सुलभाबेन?"

"गूळपोळी."

"आवता वर्षे?"

"आवता वर्षे. अहीं ज." येत्या वर्षी, इथंच.

पहिलं "पाकुं" आलं ते पंगतीतून आलं नाही. मागून, कठड्याशी उभ्या असलेल्या हेमंतरावांकडून आलं, इतक्या जोरात की शेजारच्या धाब्यावरच्या लोकांनी वळून बघितलं. त्यांचा पतंग कुठं गेला ते कुणी विचारू नये. ज्या माणसानं 'मला नात मिळेल' म्हणून मला फोनवर भरीला घातलं होतं, त्याचे डोळे भरून आले होते. नंतर म्हणाले, "मीनाताई, मला वाटलं हिला माहेरची ओढ आहे. मी कोण आडवा येणार?" मग सगळ्या धाब्यानं "पाकुं" म्हटलं, एकदा म्हणून भागलं नाही म्हणून पुन्हा म्हटलं. कोकिलाबेन सुलूला येऊन बिलगल्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळून माझ्या मांडीवर चांगली सणसणीत थाप मारली.

माझं काय झालं, ते सांगते. दोन महिने मी त्या खालच्या घरात सुलूला बघत होते. संध्याकाळी जिन्यात बसलेल्या आम्ही दोघी, असं चित्र मी रोज बघत होते, आणि ते तिथं, जिलबीच्या ताटासमोर पुसलं गेलं. मला रडू आलं आणि मी ते अडवलं नाही. पण तिच्याकडे बघितलं तर तिचा चेहरा असा उजळला होता, की शाळेनंतर मी तो तसा बघितलाच नव्हता. तिच्यावर रागवायचं तर कशासाठी? ती येणार होती ती माझ्या हट्टापायी, आणि आली असती तर माझ्या खाली राहून रोज कारेलीबागेला फोन करत बसली असती. मी कोपऱ्यात जाऊन देशपांड्यांना कळवलं की आमची वाट बघू नका. ते बिचारे हळहळले.

परत आले तर तिसरा मजला संपला होता. जयेशभाई खाली बसतील असं वाटलं, पण ते उभेच. माझ्याकडे बघून म्हणाले, "नाशिक?"

जणू नाशिक म्हणजे चौथा मजला. मी म्हटलं, "अहो, आम्ही पाहुणे."

"तुझं नाव घेतलंय, मीने," सुलू म्हणाली. "उभी राहा."

सगळे बघत होते. मी उभी राहिले. नाशिकचं आणायचं तर दुसरं काय, म्हटलं, "द्राक्षं. दोन पेट्या."

"आवता वर्षे?" जयेशभाईंनी विचारलं.

"येत्या वर्षी," मी म्हणाले, "आणि त्याच्या पुढच्याही."

मागून आमच्या ह्यांचा आवाज सगळ्यांच्या आधी आला. "पाकुं."